कडब्याची गंज आणि इन्शाचा तास

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेल्या स्मरणिकेत माझ्यावर दीड पान छापले आहे, आणि त्या दीड पानात माझे नाव सोडल्यास एकही गोष्ट धड खरी नाही. लिहिणारे गृहस्थ माझ्याच वर्गात होते. दोन बाक मागे बसत आणि बहुतेक तासांना डुलक्या घेत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मी पहिल्या वर्षाला असताना निजामी राजवटीविरुद्ध जळजळीत निबंध लिहिला, तो भर वर्गात छाती काढून वाचला, माझ्या शेजारी बसणाऱ्या मुसलमान मुलाने तो पोलिसांपर्यंत पोहोचवला, आणि तरीही मी डगमगलो नाही. सत्कार समितीची माणसे हाच मजकूर घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा मी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावले.

मी निबंध वाचला नाही. शेजाऱ्याने चुगली केली नाही. आणि डगमगण्याविषयी म्हणाल, तर त्या वर्षी मी जितका भ्यालो तितका पुढे पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांतही भ्यालो नाही. ज्यांना शौर्य हवे असेल त्यांनी ते दुसऱ्याच्या चरित्रात शोधावे. माझी भीती माझ्या मालकीची आहे. ती कोणी पुसून त्या जागी पराक्रम लिहिलेला मी खपवून घेणार नाही.

त्या काळी आमच्या राज्यात कॉलेजचे शिक्षण उर्दूतून चाले. इतिहास उर्दूत, तर्कशास्त्र उर्दूत, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना दर गुरुवारी ‘इन्शा’चा तास, म्हणजे निबंध लिहायला शिकण्याचा. वर्गातली निम्मी मुले घरात उर्दू बोलत. आम्ही खेड्यांतून आलेली मराठी मुले ती भाषा शाळेत घोकून शिकलेलो. माझे प्रकरण थोडे निराळे होते. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, गावचे कुलकर्णी. ज्याला सरकारदरबारी काही सांगायचे असे तो आमच्या ओसरीवर येऊन बसे, आणि नाना त्याचे गाऱ्हाणे ऐकून उर्दूत अर्ज लिहून देत. त्यांचे अक्षर तहसिलीत वाखाणले जाई. मी मिसरूड फुटण्याआधीपासून त्या अर्जांच्या नकला करत आलो. त्यामुळे उर्दू मला येत होती, चांगली येत होती. फक्त कोणापुढे तरी वाकलेले नसेल असे एकही वाक्य मला त्या भाषेत ठाऊक नव्हते.

आमच्या उस्तादांना सगळे मौलवीसाहेब म्हणत. ते उत्तरेकडून नोकरीसाठी आलेले होते. उंच, किडकिडीत, शेरवानीची वरची गुंडी नेहमी उघडी, आणि बोलताना डोळे मिटलेले. त्यांची एक पद्धत होती, तिच्यामुळे हे सगळे घडले. निबंध ज्याने लिहिला त्याने तो वाचायचा नाही. बाकावरच्या दोघांनी कागद बदलायचे आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याचा निबंध उभे राहून मोठ्याने वाचायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी कारण सांगितले. मी त्यांची उर्दू मराठीत आणतो आहे. जे हरवेल ते माझ्या पदरी. ते म्हणाले, “आपला मजकूर आपण वाचला, की आवाजाने खड्डे बुजवता येतात. तोच दुसऱ्याच्या तोंडात घाला. प्रत्येक खड्ड्यात त्याचा पाय जातो.”

माझा शेजारी आमच्याच भागातला होता. सडपातळ, गोरा, पायांत कायम नवे बूट, आणि सतत हसणारा. आमच्या गावावर ज्या ठाण्याची हद्द होती तिथल्या अमिनाचा, म्हणजे आजच्या भाषेत फौजदाराचा, तो सख्खा पुतण्या. बाप लहानपणीच गेल्यामुळे चुलत्याच्याच घरी वाढलेला. हे मला पहिल्या आठवड्यातच कळले होते, आणि बाक बदलून मागण्याची छाती झाली नव्हती.

पहिला विषय मिळाला, ‘माझे गाव’.

मी शहरात, औरंगपुऱ्यातल्या माझ्या खोलीत बसलो आणि मला ज्या एकाच प्रकारे लिहिता येत होते त्या प्रकारे लिहून काढले. अर्जात लिहिणारा ‘मी’ नसतो. तो ‘फिदवी’ असतो, मालकावरून जीव ओवाळून टाकणारा सेवक. फिदवी आधी हुजुरांच्या आयुरारोग्याची दुआ मागतो, मग स्थिती निवेदन करतो, मग कोणत्या अंमलदारामुळे काय त्रास होतो ते त्याच्या हुद्द्यासकट सांगतो, कारण हुद्दा नसलेला अर्ज तहसिलीतून परत येतो, आणि शेवटी इन्साफाची याचना करतो. मी हे सगळे यथासांग केले. गावच्या आडाला पाणी नाही, शाळेवर पत्रे नाहीत, आणि अमीनसाहेबांच्या घोड्यासाठी रयतेच्या गंजीतून कडबा मोबदल्याशिवाय उचलला जातो, तरी फिदवीची हुजूरचरणी विनंती की चौकशीचा हुकूम व्हावा. अक्षर सुरेख आले. मला समाधान वाटले. यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण अमिनाचा उल्लेख करताना माझ्या मनात धैर्यही नव्हते आणि भयही नव्हते. सुतार जसा चौथा पाय ठोकतो तसा तो हुद्दा मी तिथे ठोकला होता.

गुरुवारी मौलवीसाहेब म्हणाले, “कागद बदला,” आणि माझ्या शेजाऱ्याने हात पुढे केला. त्या क्षणी मला मी काय लिहिले आहे ते दिसले.

मी कागद सोडेना. तो हसून म्हणाला, “छोड ना रे पंडत, खाता नहीं मैं.” कागद माझ्या बोटांतून निघाला. दोघा-तिघांचे वाचून झाल्यावर तो उठला. दुआ ऐकून वर्गात खसखस पिकली. ‘फिदवी’ आला तसे मागचे बाक उघड हसू लागले. मी त्याच्या नव्या बुटांकडे बघत होतो आणि कडब्याची वाट पाहत होतो. तो त्या ओळीपर्यंत आला. क्षणभर थांबला. आणि मग, हे स्मरणिकाकारांनी नीट वाचावे, त्याने आवाज चढवला, अमीनसाहेबांचा हुद्दा थेट कचेरीतल्या शिरस्तेदाराच्या थाटात म्हटला, आणि चौकशीच्या हुकमापर्यंत सगळे वाचून कागदाला झुकून सलाम केला. वर्ग हसून हसून लोळला.

मौलवीसाहेब हसले नाहीत. डोळे मिटूनच त्यांनी विचारले, “हे कोणाला लिहिले आहे?”

मी उभा राहिलो. “हुजूर, आपल्याला.”

“मी तुमच्या गावी कडब्याची चौकशी करू शकतो?”

“नाही, हुजूर.”

“मग मला का सांगता? अर्ज एका माणसासाठी असतो. तो वाचतो, शेरा मारतो, मजकूर मरतो. निबंध अशा माणसासाठी लिहावा ज्याला तुमच्यासाठी काहीही करता येणार नाही. बरखुरदार, त्याच्याकडे काही मागू नका. फक्त दाखवा. पुढच्या गुरुवारी हेच गाव पुन्हा. दुआ नको, फिदवी नको, इन्साफ नको.”

तास सुटल्यावर शेजाऱ्याने मला व्हरांड्यात गाठले.

“कायकू डरता रे? चचा के घर में ऐसी अर्ज्यां रोज आतीं. चाची उनसे चूल्हा जलाती.”

“तू सांगशील त्यांना?”

“क्या बोलूँ? के पंडत तुम्हारे घोड़े पे मुकदमा करा?” तो स्वतःच्याच विनोदावर हसला आणि गेला.

मला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. वाटले नाही, कारण आता दुसरा निबंध लिहायचा होता. मी भडकल दरवाजापर्यंत चालत जाई आणि परत येई, आणि कागद कोराच राही. फिदवी काढून टाकला तशी माझी सावलीच गेली. अर्जात फिदवी बोलतो. चूक झाली तर ती नमुन्याची, पिढीजात मजकुराची. इथे बोलणारा मीच. आणि मागायचे काही नसेल तर हे सांगतो तरी कशाला? कडबा वगळावा असे मी ठरवले. आड लिहिला, शाळा लिहिली, मारुतीचा पार लिहिला. वाचून पाहिले तर ते कोणत्याही गावाचे वर्णन होते. मौलवीसाहेबांनी डोळे न उघडताच ते फेकले असते. माझा अभिमान, तो तेव्हाही होता, त्या वर्गात दुसऱ्यांदा हसे करून घ्यायला तयार नव्हता. इथे मला धीर आला असे कोणी लिहू नये. मला हशाची भीती अमिनाच्या भीतीपेक्षा जवळची वाटली, इतकेच.

जे लिहिले ते मला अजून पाठ आहे. “होळीनंतर आमच्या घरापुढे कडब्याची गंज ओट्याहून उंच असते. बाजाराच्या दिवशी एका घोड्यासाठी गाडी येते. गाडीवाला कोणाला हाक मारत नाही. तो गंजीला शिडी लावतो. माझे वडील ओसरीवरून उठून आत येतात आणि सकाळी वाचून झालेले पंचांग पुन्हा वाचू लागतात. गाडी गेल्यावर आई अंगण झाडते. आमची म्हैस रस्त्याकडे बघत राहते.” पुढे आणखी थोडे होते. कोणाचा हुद्दा नव्हता.

गुरुवारी शेजाऱ्याने कागद घेतला तो आधीच हसत. “देखें, आज किस पे मुकदमा है.” त्याने त्याच शिरस्तेदारी आवाजात सुरुवात केली. शिडीपाशी आवाज उतरला. पंचांगापाशी तो अडखळला, पुन्हा त्या ओळीच्या सुरुवातीला गेला, आणि थांबला. वर्गाला वाटले अक्षर लागत नाही. माझे अक्षर न लागण्यासारखे नव्हते. तो कागदाकडे बघत उभा राहिला, कान लाल झालेले, आणि मग खाली बसला.

मौलवीसाहेबांनी डोळे उघडले. खाली येऊन त्यांनी कागद घेतला आणि उरलेला स्वतः वाचला, कसलाही चढउतार न करता. कोणी हसले नाही. वाचून झाल्यावर ते फक्त “हं” म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले. त्या ‘हं’साठी मी आयुष्यात पुढे पुष्कळ लिहिले. पण त्या दिवशी मला आनंदाचा लवलेशही झाला नाही. पहिल्या वेळी तो पूर्ण वाचून हसला होता. आता त्याला वाचता आले नव्हते. खरा धोका यातच आहे हे मला कोणी शिकवायला नको होते.

तास संपल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. लवकरच ईद आली आणि तो चुलत्याच्या घरी गेला.

ते दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखे नाही. गल्लीत बुटांचा आवाज आला की मी पुस्तक मिटत असे. माझ्या डोळ्यांपुढे मी नव्हतोच, नाना होते. कुलकर्ण्याचे वतन, अमिनाची हद्द, आणि मधे माझा कागद. अमिनाने ठरवले तर एखाद्या पंचनाम्यात नानांना अडकवायला त्याला दुपारचे जेवणही लांबवावे लागले नसते.

तो परत आला तो एक कान सुजलेला घेऊन. बाकावर बसला, समोर बघतच म्हणाला, “मैं चुगली नहीं करा.”

“मग?”

“खाने पे बैठे थे. मैं बस इत्ता पूछा, चचा, अपन कडबे के पैसे देते क्या?” त्याने कानाला हात लावला. “बहोत जोर से दिये. फिर पूछे, ये सवाल तेरेकू कौन सिखाया. मैं नहीं बोला. पर चचा पुलिस के आदमी. बाजू में कौन बैठता, इत्ता तो उनकू मालूम था.”

ही ती स्मरणिकेतली चुगली. जेवणाच्या ताटावर चुलत्याला एक प्रश्न विचारला म्हणून ज्याने मार खाल्ला, त्याला या लोकांनी हेर करून छापले, आणि मुसलमान होता म्हणून कोणी खात्रीही केली नाही. अमीन कडबा नेई तसा तहसिलीतला आमच्याच जातीचा पेशकार, म्हणजे कारकून, नानांकडून दर सणाला तूप नेई. ते दीड पानात कुठेच आलेले नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळीच पडेगावच्या रस्त्याने नानांची बैलगाडी आली. नाना कधी शहरात येत नसत. त्यांनी गाडी माझ्या खोलीच्या दाराशी उभी केली आणि राम राम न करता म्हणाले, “ट्रंक भर.”

“नाना, काय झालं?”

“अमिनानं बोलावलं होतं ठाण्यात. बसायला खुर्ची दिली.” एवढे सांगून ते उंबऱ्यावर टेकले. नाना त्या ठाण्यात हयातभर उभे राहिले होते. खुर्चीनेच त्यांचे अवसान गेले होते. “म्हणला, कुलकर्णी, साहबज़ादे शहर में क्या पढ़ते? मी म्हणलो, इन्शा. म्हणला, हौ, सुना हूँ. बस, एवढंच. चहा पाजला अन् जा म्हणला. तू भर ट्रंक. शिक्षण झालं तेवढं लई झालं.”

मी ट्रंक भरली. पुस्तके तिरकी पडत होती. वाद घातला नाही. ज्यांना मी इथे बाणेदार उत्तर दिलेले हवे आहे त्यांनी आपल्या बापाला उंबऱ्यावर तसे बसलेले एकदा पाहावे. गाडीवानाने ट्रंक आणि वळकटी गाडीत चढवली. मग नाना म्हणाले, “तुझ्या मौलवीला भेटू. माफीचा कागद केलाय मी.”

कॉलेजच्या व्हरांड्यात नानांनी पागोटे सारखे केले, लवून कुर्निसात केला आणि कागद पुढे धरला. फिदवीच्या मुलाची अक्कल कच्ची, हुजुरांनी उदार अंतःकरणाने, वगैरे. मौलवीसाहेबांनी तो सावकाश वाचला. “फार सुंदर मजकूर आहे, कुलकर्णीसाहेब. असे लिहिणारे आता राहिले नाहीत. पण मी अंमलदार नाही. मला माफ करायचा अधिकार नाही.”

“मग हुजूर, पोराचा तो कागद जाळून टाका.”

“जाळू. आधी आपण वाचलात का?”

नानांनी नकारार्थी मान हलवली. मौलवीसाहेब आतून माझा निबंध घेऊन आले आणि त्यांच्या हातात दिला. नाना खांबाच्या उजेडाला सरकून, सवयीप्रमाणे ओठ हलवत वाचू लागले. मी दोन पावलांवर होतो आणि मला पळून जावेसे वाटत होते. अमिनाचा, वर्गाचा, मौलवीसाहेबांचा, सगळ्यांचा धाक मला वाटला होता. हा कागद नानांच्या हाती पडेल ही कल्पना मला शिवलीदेखील नव्हती. त्यांचे ओठ हलायचे थांबले. कुठे थांबले ते मला कळले.

माझ्याकडे न बघता ते मराठीत बोलले. “तू बघत होतास व्हय?”

मी होकारार्थी मान हलवली.

“मी वाचत नव्हतो ते पंचांग,” नाना म्हणाले. “नुसतं धरलं होतं.”

मौलवीसाहेबांना मराठी बेताचेच समजे. त्यांनी मला विचारले, काय म्हणाले? मी सांगितले. त्यांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरले. “मग दुरुस्त करा. ज्यांचे आहे ते सांगत आहेत.”

मी नानांकडे पाहिले. नानांनी स्वतःच कागद माझ्यापुढे केला आणि तो फडफडू नये म्हणून दोन बोटांनी खांबावर दाबून धरला. मी ‘पुन्हा वाचू लागतात’ खोडले आणि वर लिहिले, ‘हातात धरून बसतात’. नानांनी ते वाचले, फुंकर घालून शाई वाळवली, आणि कागद मौलवीसाहेबांना परत दिला. जाळायचे पुन्हा कोणी काढले नाही.

फाटकाबाहेर आल्यावर नानांनी गाडीवानाला ट्रंक उतरवायला सांगितले. मला कारण दिले नाही, आणि मी विचारले नाही. माफीचा अर्ज त्यांनी घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. तो मथळा बदलून ते अमिनाकडे नेणार होते, आणि त्यांनी तो नेला. मी कॉलेजात राहिलो तो त्या कागदावर, माझ्या निबंधावर नव्हे. तो अर्ज लिहिणाऱ्याचे नाव कोणत्याही स्मरणिकेत नाही. अमिनाने तो वाचून काय केले ते कोणाला ठाऊक नाही. त्याची बदली होईपर्यंत गाडी बाजाराच्या दिवशी येत राहिली, आणि कुठल्याही दिवशी घरून वाईट निरोप येईल या धास्तीतच मी ते वर्ष पार पाडले.

नाना गाडीत चढले. बैल जुंपलेले होते. धुऱ्यावर हात ठेवून त्यांनी विचारले, “आता पुढचा विषय काय दिलाय?”

“बाजाराचा दिवस.”

नाना म्हणाले, “त्यात आपलं घर येतं का?”

“नाही येत,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी खोटे बोलतो आहे हे त्यांना स्पष्ट दिसले होते. ते पुढे वळले आणि गाडीवानाला म्हणाले, “हाक.”